संगणक आपोआप पुन्हा का सुरू होतो?

डहाणूला ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तरीही समजा, तेथील एखाद्या चिकूच्या वाडीत पंप सुरू होताच घरातला दिवा क्षणभर मंदावला आणि टेबलावरचा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अर्धा लिहिलेला प्रकल्प गेला! असे चारदा झाले की घरात नव्या संगणकाची भाषा सुरू होते. पण एवढा खर्च करण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान वापरून पाहू या.

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. हा प्रवाह ज्या तारांतून येतो त्यांना रोध असतो. ओहमच्या नियमाप्रमाणे तारांतच जास्त व्होल्ट खर्ची पडतात आणि घराला कमी उरतात. तेव्हा केंद्र किती जवळ आहे हे महत्त्वाचे नाही; घरापर्यंतची तार किती लांब आणि किती बारीक आहे, हे महत्त्वाचे.

मग संगणक क्षणभर तरी तग कसा धरतो? त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत एक कपॅसिटर असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. या दाबाला ३३० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे १७ जूल ऊर्जा साठते. तिच्यातील निम्मी उपयोगी पडते असे धरले, तर २०० वॉट शक्ती घेणारा संगणक सुमारे ४० मिलिसेकंद चालेल. म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेची दोन आवर्तने! उष्णतेने कपॅसिटर जुना झाला की त्याची धारकता घटते आणि ही मुदतही. दाब फार उतरला की पेटी मदरबोर्डला तसा संकेत देते. चुकीची आकडेमोड होऊ नये म्हणून प्रोसेसर थांबविला जातो आणि दाब सावरताच संगणक नव्याने सुरू होतो.

परंतु दरवेळी पंपच दोषी असेल असे नाही. म्हणून एक वही घ्या. संगणक केव्हा बंद पडला, त्या वेळी घरात काय चालू होते, हे आठवडाभर लिहा.

दिवा मंदावण्याच्या क्षणीच घडत असेल, तर दोष बहुधा पुरवठ्यात आहे. यूपीएस लावून पाहा. बराच वेळ जड काम केल्यावर घडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत पंख्यावर धूळ घट्ट बसते. ती साफ करा. केव्हाही घडत असेल, तर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. मग चुकीचा संदेश पडद्यावर टिकून राहील. मेमरीची पट्टी काढून नीट बसविणेही उपयोगी ठरते. मात्र एका वेळी एकच बदल करा. नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

संगणक उघडण्यापूर्वी प्लग काढा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. ते काम जाणकाराचे. त्याच्याकडे जाताना तुमची वही बरोबर न्या. चांगले भाग विनाकारण बदलण्याचा खर्च ती वाचवील.

आता एक गणित तुमच्यासाठी: संगणक १०० वॉटच घेत असेल आणि कपॅसिटरची धारकता निम्मी झाली असेल, तर तो किती आवर्तने तग धरील?