परवाना विद्येस हवा, पंथास नव्हे

बाजारात वजनावर सरकारी शिक्का असतो, म्हणून गिऱ्हाईक किलोभर साखर घेऊन निर्धास्तपणे घरी जाते. दुकानदार कोणत्या जातीचा वा पंथाचा, हे शिक्का सांगत नाही. वजन पुरे आहे एवढेच तो सांगतो. वैद्यकीच्या परवान्याचे मर्म याहून निराळे नाही. अंथरुणास खिळलेला रोगी वैद्याच्या विद्येची परीक्षा घेऊ शकत नाही, म्हणून ती त्याच्या वतीने सरकारने घ्यावयाची. परंतु शिक्का मारण्याचे काम पेठेतल्याच एका दुकानदाराकडे सोपविले, तर त्याची नजर वजनाकडे कमी आणि शेजारच्या दुकानाकडे अधिक जाते. हे कसे घडते, ते अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या वैद्यांस परवाने मिळण्यासाठी जो पाऊणशे वर्षांचा झगडा झाला त्यावरून उत्तम कळते.

या पंथाचे प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल. १८६४ साली मेंदूच्या आवरणाच्या तापाने त्यांची तीन मुले दगावली आणि औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. त्या काळची औषधे म्हणजे पाऱ्याचे क्षार, अफू आणि जुलाब. तेव्हा हा अविश्वास अगदीच निराधार नव्हता. हाडे, सांधे व स्नायू हातांनी नीट बसविले म्हणजे शरीर आपले आपण बरे होते, असे मत त्यांनी १८७४ साली जाहीर केले, आणि १८९२ साली मिसूरी संस्थानातील कर्क्सव्हिल गावी विद्यालय काढले. बहुतेक रोगांचे मूळ हाडे सरकण्यात आहे हा त्यांचा सिद्धांत पुढे शास्त्राच्या कसोटीस उतरला नाही, हेही येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

अमेरिकेत वैद्यकीचा परवाना देणे हा प्रत्येक संस्थानाचा अधिकार. १८८९ साली डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. परंतु त्यास मर्यादाही घातली. अट घालावयाची ती त्या धंद्याशी संबंध असलेली असावी, आणि वाजवी अभ्यासाने व परिश्रमाने पुरी करता येण्याजोगी असावी. आमच्या मते हा दंडक कोणत्याही देशाने आपल्या कायद्याच्या आरंभी लिहून ठेवावा असा आहे.

व्हर्माँट संस्थानाने १८९६ साली ऑस्टिओपॅथीस प्रथम कायद्याची मान्यता दिली. खुद्द मिसूरीत १८९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेले बिल गव्हर्नरांनी नाकारले. दोन वर्षांनी नव्याने आणलेले बिल मात्र कायदा झाले. पुढे जितकी संस्थाने तितके प्रकार झाले. कोठे स्वतंत्र मंडळ, कोठे मिश्र; कोठे औषध देण्याची मनाई, कोठे शस्त्रक्रियेची. सीमेच्या अलीकडे जो पूर्ण वैद्य, तो पलीकडे केवळ हाडे बसविणारा! सर्व ५० संस्थानांत त्यांस पूर्ण अधिकार मिळावयास १९७३ साल उजाडले.

या झगड्यात दोष एकाच बाजूचा नव्हता. ऑस्टिओपॅथीची आरंभीची विद्यालये कच्ची होती. १९१० सालच्या फ्लेक्सनर अहवालाने त्यांवर कडक टीका केली, आणि एम्. डी. पदवी देणाऱ्या पुष्कळ विद्यालयांसही तितकेच फटकारले. १९२५ साली विस्कॉन्सिन व कनेक्टिकट यांनी, आणि मागाहून इतर अनेक संस्थानांनी, मूलभूत शास्त्रांची एकच परीक्षा सर्व पंथांच्या उमेदवारांस लागू केली. यात इतर पंथीयांस दूर ठेवण्याचा हेतूही होताच, आणि आरंभी ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे डी. ओ. पदवीचे, उमेदवार एम्. डी. उमेदवारांपेक्षा फार मोठ्या प्रमाणात नापास झाले. पण परिणाम काय झाला? त्यांच्या विद्यालयांस आपले अभ्यासक्रम सुधारावे लागले, प्रवेशाच्या अटी वाढवाव्या लागल्या, शास्त्रविषयांचे शिक्षण पक्के करावे लागले. बंदीने जे कधी झाले नसते ते परीक्षेने झाले.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियाचे. ज्या ऑस्टिओपॅथांस एम्. डी. वैद्यांचा संघ वर्षानुवर्षे पाखंडी म्हणत आला, त्यांच्याशीच तेथे त्याने तडजोड केली. लॉस एंजलिसचे त्यांचे महाविद्यालय एम्. डी. चे झाले, आणि १९६२ साली सुमारे दोन हजार डी. ओ. वैद्यांस ६५ डॉलर फी भरून, नव्याने वैद्यकी न शिकता, एम्. डी. पदवी मिळाली. त्याच वर्षी मतदारांच्या कौलाने नव्या डी. ओ. वैद्यांस परवाने देणे बंद झाले. आता विचारावेसे वाटते की, काल जो वैद्य समाजास अपायकारक, तो आज ६५ डॉलरांच्या पावतीने निर्धोक कसा झाला? आणि तो निर्धोक असेल, तर तीच विद्या शिकून बाहेरून येणाऱ्यास दार का बंद? कोणत्याही अभ्यासाने पुरी न होणारी ही अट होती. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी समान न्यायाच्या तत्त्वास विरुद्ध ठरविली. आज अमेरिकेतील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक डी. ओ. विद्यालयांत शिकत आहेत, आणि ते औषधशास्त्र व शस्त्रक्रिया इतरांप्रमाणेच शिकतात.

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून वाचकांनी बाजूस सारू नये. १९३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांच्या नोंदणीची व्यवस्था झाली, तेव्हापासून तो आपल्या घरचाही आहे. २०१४ साली महाराष्ट्रात कायद्याची दुरुस्ती होऊन, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांस ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी करण्यात आली. ते भांडण उच्च न्यायालयात गेले, आणि २०२५ साली नोंदणीच्या प्रश्नावरून डॉक्टरांनी संप केला. एक पक्ष म्हणतो, खेड्यात डॉक्टर मिळत नाही. दुसरा म्हणतो, एका वर्षात डॉक्टर होत नाही. दोहोंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोहोंचा स्वार्थही आहे.

आमचा प्रश्न एवढाच की, जी औषधे द्यावयाची त्यांच्यापुरती एम्. बी. बी. एस. च्या विद्यार्थ्याची आणि या उमेदवाराची परीक्षा एकच आहे काय? नसेल, तर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असा तो परवाना होईल, आणि त्याची किंमत खेड्यातील रोगी भरील. परीक्षा एकच असेल आणि उमेदवार तीत उतरत असेल, तर केवळ पंथाच्या नावाने त्यास अडविणे हा कॅलिफोर्नियाचाच कित्ता गिरविणे होय. आधी समान परीक्षा, मग समान परवाना. हा क्रम सरकारने मोडू नये. परीक्षा घेणाऱ्या मंडळावर वैद्यांखेरीज इतर नागरिकही असावेत, आणि कोणास कशाचा अधिकार आहे हे दाखविणारी नोंदवही सर्वांस उघडी असावी. साखर घेताना वजनावरील शिक्का पाहणाऱ्या आमच्या व्यापारी व नागरिक बंधूंनी, घरचे माणूस ज्याच्या हाती द्यावयाचे त्याच्या परवान्यावर नेमके काय लिहिले आहे, हे एकदा तरी वाचून पाहावे.