त्याचे एक वर्ष, तिची दोन

विज्ञानकथा म्हटली की डोळ्यांपुढे अवकाशयान, यंत्रमानव आणि लुकलुकणारे दिवे येतात. श्रुतिकेत यातले काहीच दिसत नाही. तिथे डोळ्यांचे काम कानांना करावे लागते. म्हणून विज्ञानाची श्रुतिका यंत्रावर उभी राहत नाही, ती माणसाच्या आवाजावर उभी राहते. तो माणूस मनाने दुखावलेला असेल आणि त्याचे कोणावर प्रेम असेल, तर शास्त्रातली अवघड गोष्टही ऐकणाऱ्याच्या मनात घर करते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या जागोजाग आहेत. या भागातल्या वाड्यांवरून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बाहेरच्या कामावर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ताटातूट म्हणजे काय हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. अशा वाडीतल्या शाळेने किंवा तरुण मंडळाने विज्ञान-श्रुतिका बसवायचे मनावर घेतले, तर काय ध्यानात ठेवावे ते पाहू.

आवाजाची ताकद

आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी श्रोत्यांना घरच्यासारखे वाटत. त्यांचे घर कोणी पाहिलेले नव्हते. अमेरिकेत 30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरच्या स्वारीची श्रुतिका बातमीपत्राच्या थाटात सादर केली, तेव्हा काही श्रोते ती खरी समजून घाबरले. नुसत्या आवाजात एवढे बळ असते.

मराठीत विज्ञानकथेला मानाचे पान मिळवून देण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचा मोठा वाटा. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली ते गेले. शास्त्र पक्के ठेवूनही गोष्ट रंगते, हे त्यांनी दाखवून दिले.

रेवतीचे लग्न

काळाची ओढाताण आपल्याला नवी नाही. भागवतात राजा ककुद्मीची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गायन चालले होते, म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात धरलेले सारे वर काळाच्या पोटात गेले होते. शेवटी रेवतीचे लग्न नांगरधारी बलरामाशी झाले.

ही झाली पुराणातली कथा. पण वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ हळू चालते, हे आइन्स्टाइन यांनी 1905 साली गणिताने मांडले. 1971 साली अणुघड्याळे विमानातून जगभर फिरवून ते तपासले गेले. फरक सेकंदाच्या काही अब्जांश भागांचाच निघाला, पण तो खरा होता. प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. त्याच्या सुमारे 87 टक्के वेगाने कोणी प्रवास केला, तर त्याच्या एका वर्षात घरच्यांची दोन वर्षे जातील. असे यान आज कोणाजवळ नाही. डिसेंबर 2024 मध्ये सूर्याजवळून गेलेल्या पार्कर यानाचा विक्रमी वेगही प्रकाशाच्या वेगाच्या हजाराव्या भागाइतका नव्हता. कल्पना करायची ती एवढ्या यानापुरतीच; बाकीचा हिशेब खरा ठेवायचा.

गोष्ट अशी घ्या

वाडीतला एक तरुण. घरातल्या भांडणाने आणि दारूने पोखरलेला. एका मुलीवर त्याचा जीव आहे, पण मनातले बोलता येत नाही. ‘काळ गेला की सगळे ठीक होईल’ म्हणून तो लांबच्या यानावर नोकरी धरतो. जाताना तो पंचवीस वर्षांचा, ती बावीसची. त्याच्या दहा वर्षांनी तो परततो तेव्हा तो पस्तिशीचा असतो आणि ती बेचाळीसची.

दुःखावर काळासारखे औषध नाही, असे आपण म्हणतो. इथे त्या औषधाची मात्रा दोघांना सारखी मिळालेली नाही. तिची जखम वीस वर्षांत भरून आली, त्याची अजून ओली आहे. आता दोघे उंबऱ्याशी समोरासमोर उभी राहिली की नाटक आपोआप सुरू होते. विज्ञान काढून टाकले तर ही गोष्ट उरत नाही. चांगल्या विज्ञानकथेची हीच खूण समजावी.

वीस वर्षे ऐकवायची कशी? आपल्या कामांच्या आवाजांनी. राब भाजतानाची तडतड, छपरावरचा पाऊस, बेडकांचा कालवा, लावणीची गाणी, भात झोडल्याचा आवाज. ही साखळी दोनदा वाजवावी, मग यानातली एकाच वर्षाची नोंद त्याच्या तोंडी द्यावी. एकदा हे कानावर पडले की श्रोत्याला गणित सांगावे लागत नाही.

गप्प राहणेही कामाला येते. 24 सप्टेंबर 2014 रोजी आपले मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा संदेश पोहोचायला सुमारे 12 मिनिटे लागत होती. म्हणजे प्रश्न विचारल्यावर उत्तर 24 मिनिटांनी. प्रवासाच्या सुरुवातीलाच तिने ‘कसा आहेस?’ विचारावे आणि पुढे शांतता ठेवावी. ही शांतता अंतराची की त्याच्या अबोल्याची, हे तिलाही कळू नये.

शेवट कसा करावा

इथे जपून. ‘तिच्या प्रेमाने तो सुधारला’ असा शेवट सोपा असतो, पण घरोघरी तो मुलींच्या गळ्यात बांधला जातो. लग्न लावून दिले की पोरगा ताळ्यावर येतो, असे म्हणून किती जणींचे आयुष्य पणाला लागले, हे आपण जाणतो. प्रेम आधार देते, पण दारू सोडायची ती पिणाऱ्यालाच. म्हणून नायिकेला वीस वर्षे नुसती दाराशी बसवू नका. तिला शेती करू द्या, कलमांची रोपवाटिका उभी करू द्या, हसू द्या. त्याला परत घ्यायचे की नाही, हे शेवटी तिनेच ठरवावे.

पंधरा मिनिटे आणि चार आवाज पुरेत. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण स्वच्छ होते. आकडे विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावेत. मग वाडीतल्या एखाद्या आजीला ऐकवावे. ‘पुढं त्या पोरीचं काय झालं?’ असे तिने विचारले, तर श्रुतिका जमली म्हणून समजा.