नवाकोरा स्विमिंग पूल, पण पाणी दुधासारखं! साताऱ्या-सांगलीचं बोअरचं पाणी क्लोरीनला का जुमानत नाही?

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला ठिबकचं ॲसिड ट्रीटमेंट शिकवावं लागत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार ड्रीपरच्या तोंडाशी बसतात, पांढरा खडा धरतो, मग नळ्यांमधून ॲसिड सोडावं लागतं. पण त्याच शेतात फार्महाऊस उभं राहतं, त्याच बोअरवर पूल भरला जातो आणि हे सगळं ज्ञान विसरलं जातं.

वाई, पाचगणीपासून सांगलीच्या मळ्यांपर्यंत, शनिवार-रविवार भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांना आता पूल लागतोच. बहुतेक ठिकाणी गोष्ट सारखीच घडते. बोअर रात्रभर चालवून पूल भरतात. सकाळी पाणी काचेसारखं असतं. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात तीच टीसीएल पावडर अंदाजाने ओतली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ. मग आणखी पावडर. चौथ्या-पाचव्या दिवशी कडेला हिरवी झाक येते आणि कुणीतरी म्हणतं, पाणीच खराब आहे, सोडून द्या.

पाणी खराब नसतं, ते जड असतं.

या दोन्ही जिल्ह्यांच्या पोटात बेसॉल्ट म्हणजे काळा कातळ आहे. त्याच्या भेगांमधून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेतं. गिझरच्या कॉइलवर बसणारा थर, साबणाला न येणारा फेस ही त्याचीच लक्षणं. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हे जास्त जाणवतं आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत तर मिठाचीही भर पडते. "पाणी तपासलंय, पिण्यायोग्य आहे" हे उत्तर इथे कामाचं नाही. भारतीय मानकानुसार दुसरा स्रोत नसेल तर लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणाचं पाणी पिता येतं. पूलसाठी साधारण २०० ते ४०० बरं.

आता दुधाळपणा येतो कुठून? जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी उघड्यावर आलं, पंपाने फिरलं, कारंज्यातून पडलं की तो उडून जातो आणि पीएच चढू लागतो. भरताना ७.२ असलेला पीएच काही दिवसांत ८च्या वर जातो. नव्या पूलमध्ये सिमेंट आणि टाइल्सच्या सांध्यांतला चुनाही पाण्यात उतरत असतो, तो पीएच आणखी वर ढकलतो. पीएच चढला की कॅल्शियम पाण्यात विरघळून राहत नाही, पांढरी भुकटी होऊन तरंगतं. त्यात टीसीएल पडली म्हणजे आगीत तेलच. ती स्वतः चुन्यापासून बनलेली, तिचा पीएचही खूप वरचा.

खरं नुकसान मात्र दिसत नाही. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो आणि जंतू मारण्याचं बहुतेक काम त्यातलं एकच रूप करतं. पीएच ७.२ असेल तर दोन तृतीयांश क्लोरीन त्या कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पावडर तेवढीच, पैसे तेवढेच, काम चौथा हिस्सा. शेवाळाला एवढी सूट पुरते.

गढूळ पूल दिसायला वाईट एवढाच मुद्दा नाही. तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल, तर बुडालेलं मूलही दिसणार नाही, त्यामुळे अशा पाण्यात कुणालाच उतरू देऊ नये. शिवाय २०२४ मध्ये केरळमध्ये मेंदूज्वर देणाऱ्या अमिबामुळे मुलं दगावली. हा अमिबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. उन्हाळ्यातला क्लोरीन संपलेला पूल त्याला चालतो.

मग करायचं काय? आधी मोजायचं, मग ओतायचं. गावात वापरतात ती ओटी टेस्ट फक्त क्लोरीनचं सांगते. पीएच, अल्कलिनिटी आणि कठीणपणा मोजणारा किट वेगळा मिळतो. शक्य असेल तर भरण्याआधीच बोअरचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, लोहासह. लोह असलेल्या पाण्यात क्लोरीन पडला की पूल चहाच्या रंगाचा होतो आणि डाग टाइल्सवर बसतो.

वीस फूट लांब, दहा फूट रुंद, साडेचार फूट खोल पूल म्हणजे सुमारे २५,००० लिटर पाणी. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएचला धरून ठेवण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएम हवी. बोअरला ती बरीच जास्त निघू शकते. १०० पीपीएमने उतरवायची तर या पूलला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड जवळपास ५ लिटर लागतं. एकदम नाही. पंप चालू ठेवून रोज थोडं-थोडं, बादलीभर पाण्यात ॲसिड ओतून (ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही), आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजून. मधल्या वेळात कारंजं सोडलं की पीएच परत वर येतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. फरशी धुण्याचं पिवळं ॲसिड टाळावं, त्या पिवळेपणात बहुधा लोह असतं.

महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर मात्र सगळं उलटं. तिथे जांभा दगड, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचं महाबळेश्वर, त्यामुळे झऱ्याचं पाणी हलकं. अशा पाण्याचा पीएच थोड्याशा औषधानेही खाली-वर उड्या मारतो आणि कॅल्शियमची भूक ते टाइल्सच्या सांध्यांतून भागवतं. तिथे ॲसिड नको, खायचा सोडा हवा. याच मापाच्या पूलला ५० पीपीएमसाठी साधारण २ किलो. धुण्याचा सोडा नव्हे, तो पीएच भलताच वर नेतो. पाचगणीच्या शेजाऱ्याचा नुस्खा जतमध्ये चालत नाही तो यामुळे.

पीएच ७.२ ते ७.६ मध्ये बसल्यावरच क्लोरीन. जड पाण्याला टीसीएलपेक्षा द्रवरूप हायपोक्लोराइट बरा, त्यात कॅल्शियम नसतं. फक्त कॅन उन्हात ठेवला तर त्याची ताकद उतरते. पूलमधला क्लोरीनही कडक उन्हात काही तासांत संपतो, म्हणून सायन्युरिक ॲसिड ३० ते ५० पीपीएम ठेवतात. ट्रायक्लोरच्या गोळ्यांत ते आधीच असतं, त्यामुळे गोळ्या सोप्या वाटतात. पण १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक जमा होतं. रोज २ पीपीएम लागला तर दोन महिन्यांत ते ७०च्या पुढे जातं, क्लोरीन सुस्तावतो आणि त्यावर साधा उपाय एकच, पाणी बदलणं. आटपाडीत उन्हाळ्यात २५,००० लिटर पाणी ओढ्याला सोडणं कुणाला परवडणार?

टीसीएल, ट्रायक्लोर आणि ॲसिड एकमेकांपासून लांब ठेवावं. पावडरीवर ॲसिड सांडलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो आणि टीसीएल-ट्रायक्लोर एकाच बादलीत मिसळले तर पेट घेऊ शकतात.

एवढं करूनही पहिला महिनाभर पीएच वर सरकतच राहतो, कारण नवं सिमेंट चुना सोडत असतं. तेवढे दिवस रोज मोजावं, भिंती ब्रशने घासाव्यात. एप्रिल-मेमध्ये या पूलचं रोज शंभर-दीडशे लिटर पाणी वाफ होऊन जातं. क्षार मागेच राहतात आणि भर घालायला पुन्हा तेच बोअरचं पाणी येतं, त्यामुळे कठीणपणा गुपचूप वाढत जातो. जूनमध्ये पत्र्यावरून येणारं पहिल्या दोन-तीन सरींनंतरचं पावसाचं पाणी गाळून घेतलं, तर भर घालायला तेच सगळ्यात हलकं.