बॅटरीविना चालणारा कॅमेरा : जुना ‘ट्रिप ३५’ पारखताना

जुना फिल्म कॅमेरा घेताना गिऱ्हाईक आधी लेन्स पाहते. ऑलिंपसच्या ‘ट्रिप ३५’बाबत मात्र पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा. लेन्सभोवतीच्या बारीक भिंगांच्या कड्यामागे दडलेले सेलेनियम अजून वीज देते का?

प्रकाश पडताच सेलेनियममध्ये वीज निर्माण होते, हे अ‍ॅडम्स आणि डे या इंग्रज संशोधकांनी १८७६ मध्ये दाखवले. १९३८च्या कोडॅक सुपर सिक्स-२० या महागड्या कॅमेऱ्यात हाच गुणधर्म वापरून छिद्र आपोआप ठरवले जाऊ लागले. १९६७ मध्ये आलेल्या ट्रिपने ही सोय सहलीला जाणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती दिली. १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन चालले.

यातली यंत्रणा साधी आहे. सेलेनियमच्या विजेने आत एक नाजूक काटा हलतो. बटण दाबले की हा काटा पायऱ्या असलेल्या पट्टीखाली पकडला जातो. तो जिथे अडकेल त्यावरून छिद्र किती उघडायचे आणि शटरचा वेग १/४० सेकंद ठेवायचा की १/२००, हे ठरते. प्रकाश अपुरा असेल तर दर्शकात लाल पट्टी वर येते आणि बटण अडते. या साऱ्याला बॅटरी लागत नाही.

म्हणूनच बाजारात उभ्या-उभ्या याची परीक्षा घेता येते. छिद्राचे कडे ‘ए’वर ठेवा, मागचे चाक फिरवा, लेन्स तळहाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा. लाल पट्टी यायलाच हवी. न आल्यास काटा अडकलेला असू शकतो. मग कॅमेरा उजेडाकडे धरा. तिथेही लाल पट्टी आली, तर सेलेनियम बहुधा संपले आहे. परंतु ही परीक्षा वीज येते एवढेच सांगते, पुरेशी येते का हे सांगत नाही. त्यासाठी मागचे झाकण उघडून एकाच उजेडात फिल्मवेग आधी २५ आणि मग ४०० ठेवून बटण दाबा. लेन्समधून दिसणारे छिद्र दुसऱ्या वेळी लहान व्हायला हवे. दोन्ही वेळा सारखेच दिसले, तर पाती तेलकट होऊन चिकटली असावीत.

चिकटलेली पाती हा दुरुस्त होणारा दोष आहे. फोकसच्या कड्यावरचे तीन बारीक स्क्रू सैल करण्यापूर्वी अनंताची खूण नोंदवून ठेवावी, नाहीतर पुढे सगळी छायाचित्रे धूसर येतील. पाती लायटरच्या इंधनाने पुसावीत. तेल मात्र कधीही घालू नये. झाकणाच्या खाचेतला स्पंज कुजून चिकट झाला असेल, तर तो लाकडी काडीने खरवडून तिथे काळी लोकर बसवावी. आपल्या दमट हवेत लेन्सवर बुरशी हमखास येते. ती पुसता येते, पण तिने काच खाल्ली असेल तर डाग कायमचा राहतो.

सेलेनियम थकलेले असेल तर कॅमेऱ्याला उजेड कमी वाटतो आणि तो छिद्र जास्त उघडतो. अशा वेळी २०० वेगाची फिल्म घालून चकती ४००वर ठेवल्यास एका पायरीची भरपाई होते. ४००ची फिल्म घातली तर ही सवलत उरत नाही, कारण चकती ४००च्या पुढे जातच नाही. पूर्ण मेलेले सेलेनियम मात्र पुन्हा जिवंत होत नाही; दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढूनच बसवावे लागते.

नंतरच्या काळातल्या स्वयंचलित छोट्या कॅमेऱ्यांत मोटर, फ्लॅश आणि फोकस असे सारे एका विद्युतमंडलावर अवलंबून असते. ते बिघडले की कारागीर बहुधा हात जोडतो. शिवाय आतला फ्लॅशचा कपॅसिटर शेकडो व्होल्ट साठवून ठेवतो, त्यामुळे ते घरी उघडणे धोक्याचे. ट्रिपमध्ये स्वतःचा फ्लॅशच नाही. कुठला भाग कशाला हलवतो ते डोळ्यांना दिसते, आणि जे दिसते ते शिकून घेता येते. पन्नास वर्षांपूर्वीचा हा कॅमेरा आजही दुरुस्त होतो, तो या साधेपणामुळे.