एका कढईतली सुकट

नांदेडला गोदावरीचे मासे मिळतात. पण कामावरून उशिरा परतल्यावर ते साफ करायला वेळ कुठला? त्यापेक्षा बाजारातली सुकट बरी. चौघांसाठी एक वाटी सुकट निवडून कोरडीच भाजावी, मग धुऊन पिळावी. त्याच कढईत दोन कांदे, ठेचलेला लसूण, एक टोमॅटो तेलावर परतावा. हळद, तिखट, सुकट घालून पाच मिनिटे झाकावी. मीठ चाखूनच टाकावे; सुकट मुळात खारट असते. भाकरीला कोरड्यास तयार!

भांडे एकच, म्हणून घासायला पाणीही थोडेच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना त्याचे मोल ठाऊक आहे.

पण हे बाईनेच का करावे? तीही दिवसभर राबून आलेली असते. बंधूंनो, कढई तुम्ही चढवा. समता आधी चुलीपाशी दिसू द्या.