बेडकांची उमेदवारी

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात एक लहानसे महायुद्ध झाले आणि त्याला कारण झाले बेडूक! आमची कन्या प्राणिशास्त्र घेऊन नुकतीच बी. एस्सी. झाली होती. एके संध्याकाळी तिने जाहीर केले, "बाबा, मी दोन महिने आंबोलीला जाणार. रात्री पावसात बेडूक मोजायचे आहेत."

"पगार किती?"

"पगार नाही. इंटर्नशिप आहे. राहणे-जेवण त्यांचे."

"बेडूक मोजायला बी. एस्सी. कशाला व्हायला हवे?" आजीने विचारले. सौभाग्यवतींच्या हातून तव्यावरची पोळी करपली, यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या ध्यानी येईल.

मी मराठी शिकवणारा माणूस. इंटर्नशिप म्हणजे आपली जुनी उमेदवारीच, एवढे मला कळले. पण तिच्या पुढे काय, ते कळेना. म्हणून आठवडाभर चौकशी केली. ती इतर पालकांच्याही उपयोगी पडावी.

या क्षेत्राला दोन वाटा आहेत. एक प्रयोगशाळेची. १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला, तेव्हापासून पाणी तपासणारी माणसे कारखान्यांना लागतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांनाही. नागपूरची 'नीरी' ही संशोधनसंस्था तर १९५८ पासूनची. शिवाय धरण, खाण अशा मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. १९९४ साली आलेला हा नियम २००६ साली नव्याने बांधला गेला. हे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना रसायनाचे जाणकार हवे असतात, तसे झाडापाखरांचेही.

दुसरी वाट रानाची. भारतीय वनसेवेची परीक्षा प्राणिशास्त्राच्या पदवीवर देता येते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अशा ठिकाणी संशोधन प्रकल्पांवर तरुणांना घेतात. पण प्रकल्प संपला की बहुधा नोकरीही संपते, हे विसरू नये.

कन्येने शेवटचे अस्त्र काढले ते सलीम अलींचे. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरीही गेली. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि १९३० साली तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांपाशी बसून राहिले. त्याच निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले. मी हरलो. कन्या रेनकोट घेऊन निघाली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच कामासाठी माझ्या एका विद्यार्थ्याचीही निवड झाली होती. मुलगा हुशार, पक्षी आवाजावरून ओळखणारा. मी उत्साहाने त्याला म्हणालो, "अरे, अशी संधी पुन्हा येत नाही!" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, जेवण ते देतील. पण घरी मी काय पाठवू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. सलीम अलींच्या मागे पत्नी तेहमिना उभ्या होत्या. माझ्या कन्येच्या मागे माझा पगार होता. त्या मुलाच्या मागे कोणी नव्हते. उलट घरच त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. तो पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागला. काम चांगले आहे, पगार वेळेवर मिळतो. तरी कॉलेजच्या आवारात कोकीळ ओरडला की मला तो आठवतो.

म्हणून पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. मुलगा अशा उमेदवारीचे पत्र घेऊन आला, की आधी ध्येयवादावर व्याख्यान देऊ नका. विद्यावेतन किती, राहण्याची सोय काय, अपघाताचा विमा आहे का, केलेल्या कामाला त्याचे नाव लागणार का, हे विचारायला त्याला शिकवा. विद्यावेतन देणाऱ्या जागाही असतात. त्या आधी शोधा. फुकटच्या उमेदवारीवर हे शास्त्र चालले, तर ते पोटभर जेवणाऱ्यांच्याच मुलांचे राहील.

कन्या ऑगस्टमध्ये परतली. पायांवर जळवांच्या खुणा आणि हातात पावसाने फुगलेली वही. आजीने ती वही मांडीवर घेतली आणि चष्मा पुसत म्हणाली, "वाच बघू, किती भरले?"