पाच जणांचा फुटबॉल आणि आमचे पटांगण

रोनाल्डिन्हो भारतात येऊन एका सामन्यात पाच गोल करून गेला, हे आज आठवीतल्या मुलाला सांगितले तर तो विश्वास ठेवत नाही. पण जुलै २०१६ मध्ये हे घडले. 'प्रीमियर फुटसल' नावाची व्यावसायिक स्पर्धा तेव्हा सुरू झाली. फुटसल म्हणजे बंदिस्त सभागृहात, प्रत्येक बाजूने पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता, कोची आणि बेंगळुरू असे सहा संघ होते. मुंबईकडे रायन गिग्ज, बेंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे क्रेस्पो, चेन्नईकडे फुटसलचा खरा बादशहा फाल्काव, कोचीकडे मिशेल साल्गादो. गोव्याच्या रोनाल्डिन्होने बेंगळुरूविरुद्ध ते पाच गोल केले, काही दिवसांत तो परतला आणि त्याच्या जागी काफू आला.

अंतिम सामना गोव्यात झाला. मुंबईने कोचीला पेनल्टीवर हरवले. आपल्या राज्याचा संघ पहिला विजेता ठरला, याचा आनंद आम्हालाही झाला होता. मात्र अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची या स्पर्धेला मान्यता नव्हती. २०१७ मध्ये मुंबईचे नाव 'वॉरियर्स' झाले, रोनाल्डिन्हो दिल्लीकडे गेला. तिसरा हंगाम झालाच नाही.

आमच्या मते यात नवल नाही. पाहुण्यांच्या जिवावर वरात निघते, संसार होत नाही. ज्या मुंबईचा संघ जिंकला, तिथल्या किती शाळांत त्यानंतर फुटसल सुरू झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. महासंघाने क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा २०२१ मध्ये घेतली, ती दिल्ली एफसीने जिंकली. भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट २०२३ मध्ये.

गंमत अशी की हा खेळ मुळात एका शिक्षकाचा आहे. उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी यांनी १९३० च्या सुमारास वायएमसीएच्या सभागृहात मुलांना खेळता यावे म्हणून तो बसवला. पाच खेळाडू बास्केटबॉलकडून घेतले, गोलचे माप हँडबॉलकडून. म्हणून आजही हँडबॉलचे ४० बाय २० मीटरचे मैदान आणि ३ बाय २ मीटरचे गोल फुटसलला जसेच्या तसे चालतात. चेंडू मात्र वेगळा, चार नंबरचा आणि कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्यात तो ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळला पाहिजे. पट्टी धरून हे कोणताही विद्यार्थी तपासू शकतो.

चिखलीत पाऊस सुरू झाला की काळ्या मातीत बुटाला चार-चार किलो चिखल लागतो आणि फुटबॉल दिवाळीपर्यंत बंद पडतो. तेव्हा फरशीचे पटांगण किंवा एखादे सभागृह असेल तर खेळ बारा महिने चालेल. पूर्ण मापाची जागा नसली तरी शिकायला छोटी जागा पुरते.

आणि मुलींचे काय? सातवीनंतर आपल्या मुली मैदानावरून गायब होतात. उघड्यावर, रस्त्याकडेच्या लोकांसमोर खेळू देणे अनेक आईवडिलांना पटत नाही. बंदिस्त सभागृहात ही अडचण राहत नाही. इराणच्या मुलींनी डोके झाकून, पूर्ण बाह्यांच्या पोशाखात २०१५ आणि २०१८ अशी सलग दोन वेळा आशियाई महिला फुटसल स्पर्धा जिंकली, दोन्ही अंतिम सामन्यांत जपानला हरवून. २०२५ मध्ये फिलिपिन्समध्ये महिलांचा पहिला फुटसल विश्वचषक झाला, त्यातही त्या होत्या. त्यांची वाट सोपी नव्हती. कर्णधार निलुफर अर्दलान २०१५ ची आशियाई स्पर्धा खेळू शकली नाही, कारण पासपोर्टसाठी पतीची संमती मिळाली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत आपण मुलांना कौतुकाने सांगतो, तीच आपल्या मुलींच्या बाबतीत आठवत नाही.

शाळेत हँडबॉलचे गोल गंजत पडले असतील तर यंदा रंग लावून घ्या. चेंडू तेवढा नवा लागेल.